गोधडीचे तुकडे: टर्रकन फाडण्यापासून गोल पात्यापर्यंत

जुन्या सुती लुगड्याची गोधडी करताना विदर्भातल्या खेड्यांत कात्री फारशी लागत नसे. काठाला कात्रीच्या टोकाने किंवा दातांनी बारीकसा चिरा द्यायचा आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडायचं. साध्या विणीचं सुती कापड धाग्याच्या ओळीतच फाटतं, म्हणून पट्टी-पेन्सिल न लावताही कड सरळ येते. काठाजवळचा आणि पदराचा भाग मजबूत, बसण्याच्या जागेचा विरलेला. उजेडासमोर धरून पाहिलं की कुठून फाडायचं ते कळतं.

ही पद्धत इतकी टिकली, कारण गोधडीच्या बांधणीला ती पुरेशी होती. वऱ्हाडी बोलीत जिला वाकय म्हणतात, ती थरांची वस्तू आहे. खाली लुगडं किंवा धोतर अंथरायचं, त्यावर विरलेल्या कापडाचे दोन-तीन थर, सगळ्यात वर रंगीत तुकडे. वरच्या तुकड्याची कड बोटाने आत दुमडत सगळ्या थरांतून एकदमच धावदोरा घालत जायचं. एक तुकडा दुसऱ्यावर बोटभर चढला तरी बिघडत नाही, खालचा थर सगळं धरून ठेवतो. चौकोन वाकडा असला तर दुमड कमी-जास्त करून जमवता येतो. तुकडा मापात कापण्याची गरजच या बांधणीत नव्हती. आपल्या बायकांना नेमकं कापता येत नव्हतं, असा अर्थ यातून काढणं साफ चूक आहे.

मापाची गरज निर्माण होते ती तुकडा तुकड्याला शिवताना. खाली आधार नसतो, फक्त शिवण असते. दोन तुकडे समोरासमोर ठेवून कडेपासून पाव इंचावर, म्हणजे दोन सुतांवर टीप मारायची आणि उलगडायचं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि शिंपी दोघेही हेच माप बोलतात. एका ओळीत 16 तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा अर्ध्या सुताने मोठा कापला गेला, तर ओळ आठ सूत, म्हणजे पुरता एक इंच लांब होते. शेजारची ओळ बरोबर मापाची असेल तर दोन्हींचे कोपरे जुळत नाहीत. मग ओढून जुळवलं की गोधडी मध्ये फुगते.

इंग्लंडमध्ये आणि पुढे अमेरिकेत तुकडा तुकड्याला जोडण्याचीच पद्धत रुजली, त्यामुळे साचा तिथे आधी आला. 1718 हे साल चक्क तुकड्यांतच गुंफलेली एक रेशमी चादर इंग्लंडमध्ये जपून ठेवली आहे. तिच्या तुकड्यांमागे कागदाचे साचे आजही आहेत. कागद मापात कापायचा, कापड त्यावर दुमडून कच्चा टाका घालायचा आणि दुमडलेल्या कडा एकमेकींना बारीक टाक्यांनी जोडायच्या. यात कापड थोडं वेडंवाकडं कापलं तरी चालतं, कारण माप कागदाने धरलेलं असतं. षटकोनांच्या गोधड्या अजूनही अशाच होतात. कागद महाग असल्याने जुनी पत्रं आणि हिशेबाच्या वह्याही साच्यांसाठी कापल्या जात.

पुढे पुठ्ठ्याचे, पत्र्याचे आणि शेवटी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे साचे आले. आपल्या शिंप्यांचा पुठ्ठ्याचा फर्मा याच जातीचा. पुठ्ठ्याची खोड अशी, की पेन्सिल फिरून फिरून त्याचे कोपरे झिजतात आणि पन्नासावा तुकडा पहिल्यासारखा उरत नाही. शिवाय रेघ फर्म्याच्या बाहेर पडते आणि कात्री कधी रेघेच्या आतून तर कधी बाहेरून जाते. यावर साधे उपाय आहेत. खूप तुकडे काढायचे असतील तर पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा फर्मा घ्यावा. पुठ्ठ्याचा असेल तर एकदमच चार-पाच कापून ठेवावे आणि दर पंचवीस-तीस तुकड्यांनंतर बदलावा. फर्मा कापडावर घसरू नये म्हणून त्याच्या मागे बारीक सँडपेपर चिकटवावा. कात्री कायम रेघेच्या आतल्या बाजूने चालवावी.

विदर्भातल्या बदलाची सुरुवात कापडापासून झाली. कापूस इथलाच, आणि 1877 पासून नागपूरच्या एम्प्रेस मिलचं कापडही घरचंच झालं. त्या सुती कापडाच्या जागी कपाटात पॉलिस्टरच्या साड्या आल्या, तशी फाडण्याची युक्ती अडखळू लागली. पॉलिस्टर फाडलं की कड गुंडाळते आणि धागे ओढले जाऊन चुण्या पडतात. होजिअरीचं कापड तर सरळ फाटतच नाही. सुती कापडाचीही फाडलेली कड दीड-दोन सूत ताणली जाते आणि विसविशीत होते. हातशिलाईत ती दुमडीत लपते. मशीनवर मात्र शिवणच दोन सुतांची, म्हणजे नेमका तोच कमजोर भाग शिवणीत जातो आणि दोन-चार धुण्यांत सुटतो. बचत गटांच्या बायका शिंप्याकडची कातरण किंवा नागपूरच्या गांधीबाग कापडबाजारातून आणलेलं कटपीस घेऊन मशीनवर गोधड्या शिवू लागल्या, एकसारख्या मापाच्या मागण्या घेऊ लागल्या, तेव्हा ही अडचण ठळक झाली. नेमक्या कापण्याचा प्रश्न आपल्याकडे इथून सुरू होतो.

गोल पात्याचा कटर जपानमधून आला. ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी 1956 मध्ये टोक मोडून नवी धार काढता येणारा चाकू बनवला. त्यांच्या ओल्फा कंपनीचं नावच ‘मोडणे’ आणि ‘पाते’ या जपानी शब्दांवरून पडलं. याच कंपनीने 1979 मध्ये हातात धरायचा गोल पात्याचा कटर आणला. विजेवर चालणारी गोल पाती कपड्यांच्या कारखान्यांत आधीपासून होती. हा मात्र पिझ्झा कापायच्या चाकासारखा, हाताने फिरवायचा. तो शिवणकाम करणाऱ्यांसाठी काढला होता, पण गोधडीवाल्यांनी उचलून धरला. कात्रीचं खालचं पातं कापड उचलतं, त्यामुळे थर सरकतात. गोल पातं वरून दाबत जातं, कापड जागचं हलत नाही. 18, 28, 45 आणि 60 मिलिमीटर व्यासाची पाती मिळतात. गोधडीला 45 चं घ्यावं. त्याने सुती कापडाचे चार थर निवांत कापले जातात, सहापर्यंतही जातात.

कटरबरोबर दोन वस्तू हव्यातच: पातं झेलणारी कटिंग मॅट आणि जाड पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी. शाळेतली पातळ पट्टी अजिबात वापरू नये. पातं तिच्यावर चढतं आणि थेट बोटावर येतं.

कापण्याआधी कापड धुऊन घ्यावं, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटतं. पातळ किंवा घसरत्या कापडाला भाताच्या पेजेची खळ देऊन इस्त्री करावी. काठाला काठ जुळवून घडी घालावी. पट्टीची आडवी रेघ घडीवर ठेवून आधी एक बाजू काटकोनात साफ करावी. हा टप्पा गाळला, की कापलेली कापडाची पट्टी उलगडल्यावर घडीच्या जागी कोपरासारखी वाकलेली दिसते. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि तिचा दोष बहुतेक वेळा कटरला दिला जातो. पातं पट्टीला टेकवून, अंगापासून दूर, एका दमात फिरवावं. करवतीसारखं मागेपुढे करू नये. डाव्या हाताची करंगळी पट्टीच्या बाहेर कापडावर टेकली की पट्टी सरकत नाही. प्रत्येक कापानंतर पात्याचं झाकण बंद झालंच पाहिजे, मग पुढचा काप दहा सेकंदांत असो. घरात लहान मूल रांगत असेल तर यात जराही ढिलाई नको.

हिशेबाचं उदाहरण घेऊ. 60 इंच बाय 84 इंचांची गोधडी, शिवल्यावर 6 इंचांचे चौकोन. आडवे 10, उभे 14, एकूण 140. दोन्ही बाजूंची शिवण धरून कापायचं माप साडेसहा इंच. 44 इंच पन्ह्याच्या कापडाचे काठ काढले की साधारण 42 इंच उरतात, म्हणजे कापडाच्या एका पट्टीत 6 चौकोन आणि एकूण 24 पट्ट्या. 24 गुणिले साडेसहा म्हणजे 156 इंच, जवळजवळ 4 मीटर. आटणं आणि कड साफ करणं धरून सव्वाचार मीटर घ्यावं. हे फक्त वरच्या थराचं. अस्तराचं मांजरपाट वेगळं.

त्रिकोणाला मात्र अर्धा इंच पुरत नाही. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण काढायचे, तर शिवल्यानंतरच्या मापात सात सूत मिळवावे लागतात: 4 इंचांच्या त्रिकोणासाठी 4 इंच 7 सुतांचा चौकोन. तिरप्या बाजूच्या शिवणीला टोकाशी जास्त जागा लागते, म्हणून हे जास्तीचं माप. कर्णावरची कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी असते आणि हाताळताना ताणली जाते, त्यामुळे तिच्यावर इस्त्री दाबून उचलावी, ओढू नये.

कटर मधूनच धागे सोडत असेल तर पात्याला खाच पडली आहे. टाचणीवरून किंवा ॲक्रिलिकच्या कडेवरून पातं गेलं की ती पडते. सोडलेल्या जागा ठरावीक अंतराने येतात, कारण खाच दर फेऱ्याला एकदा खाली येते. जास्त जोर लावण्यात अर्थ नाही, त्याने फक्त मॅट चिरते, पातं बदलावं. कधी नुसता कापसाचा भुसा पात्यामागे साचलेला असतो. तो पुसून मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला तरी कटर पुन्हा हलका फिरतो.

आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मॅटचं. ती प्लॅस्टिकची असते आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली भिंतीला टेकवून ठेवलेली किंवा बंद गाडीत राहिलेली मॅट वाकते. वाकलेली मॅट पुन्हा पुरती सपाट होणं कठीण, आणि तिच्यावर पातं मध्येच अधांतरी फिरतं. इस्त्री मॅटवर कधीच करू नये, गरम चहाचा कपही ठेवू नये. खाटेखाली सावलीत आडवी ठेवावी. पावसाळ्यात पात्यांवर तेलाचा हात फिरवून ती डबीत ठेवावी, नाहीतर गंजाचे ठिपके पडून धार जाते. कापडाला न चालणारं पातं फर्म्याचा पुठ्ठा कापायला बरेच दिवस चालतं. फक्त त्यावर रंगाची खूण करावी, म्हणजे चुकून पुन्हा कापडावर येत नाही.