लिगामेंटसाठी स्टेम सेल पाहिजे म्हणून अर्ज कुठं करायचा, कोण बसतं, कागद काय लागतात (सांगली-मिरजवाल्यांसाठी)

आपल्याकडं तालमीतली, कबड्डीतली पोरं गुडघा घेऊन बसली की घरचे आता एकच विचारतात, लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटलंय पण ऑपरेशन नको, स्टेम सेलचं (दुसऱ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचं) इंजेक्शन मिळतं म्हणे, त्याचा फॉर्म कुठं मिळतो. तर आधी हेच सरळ सांगतो, पेशंटनं भरायचा असा कुठला सरकारी फॉर्म नाहीये. तहसीलला नाही, सेतूत नाही, सिव्हिललाही नाही. लिगामेंटसाठी स्टेम सेल हा भारतात अजून मान्य उपचार नाही, तो फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या संशोधन-चाचणीत देता येतो, आणि ट्रायल म्हटलं की संशोधनाचा खर्च पेशंटकडून घ्यायचा नसतो. त्यामुळं कोणी पॅकेज सांगून लाखभर रुपये मागत असेल तर तिथंच उठा.

हे माझं मत नाही, नियम आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात रक्ताच्या आजारांसाठीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं ट्रायलमध्येच करा असं आहे. 2019 च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत तर स्टेम सेलपासून केलेलं प्रॉडक्ट म्हणजे नवीन औषध, म्हणजे दिल्लीच्या ड्रग कंट्रोलरची (डीसीजीआयची) परवानगी पाहिजे. आता लोक म्हणतात की गुडघ्यासाठी मान्यता मिळालीय ना. मिळालीय, 2022 मध्ये, बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सच्या स्टेमप्यूसेलला, पण ती गुडघ्याच्या झिजेसाठी, म्हणजे वयानं वंगण-कूर्चा गेलेल्या गुडघ्यासाठी. तुटलेल्या लिगामेंटसाठी नाही. ही गल्लत लय होते आणि काहीजण मुद्दाम करून देतात. पीआरपीचं इंजेक्शन पण वेगळं, ते तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट असतात, त्यात स्टेम सेलचा संबंध नाही.

मग संशोधन कशाचं चाललंय? पट काढताना नाहीतर चढाईत वळताना पाय जागेवर राहिला, अंग फिरलं आणि आतून टक् आवाज आला, की बहुतेक वेळा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट गेलेलं असतं. गुडघ्याच्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, बेल्ट लावून, व्यायामानं बऱ्याचदा आपोआप भरतं, पण एसीएल सांध्याच्या आत, पातळ वंगणात असतं, तिथं रक्ताची गुठळी धरत नाही म्हणून तुटलेली टोकं जुळत नाहीत, म्हणून हॅमस्ट्रिंगची नाहीतर वाटीखालची शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला बांधणारी, टेंडन) घेऊन नवीन लिगामेंट बसवतात. शास्त्रज्ञांचा प्रयत्न असा की कमरेच्या हाडातल्या बोनमॅरोतून किंवा पोटाच्या चरबीतून पेशी घ्यायच्या आणि अर्धवट फाटलेल्या जागी सोडायच्या, नाहीतर नवीन शीर हाडाच्या बोगद्यात जिथं धरायला पाहिजे तिथं सोडायच्या, म्हणजे ती लवकर आणि घट्ट धरेल. ससे, मेंढ्या यांच्यावर बरंच काम झालंय, माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत. आणि नीट वाचा, यातल्या बऱ्याच ट्रायलमध्ये पेशी ऑपरेशनच्या सोबत देतात, ऑपरेशनच्या ऐवजी नाही. ऑपरेशन टळेल या आशेनं जाणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

ट्रायल शोधायची जागा म्हणजे सीटीआरआय, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, सरकारी साइट आहे, बघायला पैसे नाहीत, लॉगिन नाही. साइट इंग्रजीत आहे त्यामुळं सर्चमध्ये अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट आणि स्टेम सेल हे इंग्रजीतच टाकायचं. ट्रायल उघडली की लांबलचक तक्ता येतो, सगळा वाचायची गरज नाही, चार ठिकाणी बोट ठेवा. एक, भरतीची स्थिती, भरती चालू आहे की बंद झाली. दोन, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी, कमिटीचं नाव तिथं असतं. तीन, डीसीजीआयची मंजुरी मिळालीय का, स्टेम सेलच्या ट्रायलला तिथं 'लागू नाही' दिसलं तर पुढं जाऊ नका, आधी का ते विचारा. चार, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे. खाली चौकशीसाठी माणसाचं नाव आणि ईमेल असतो, तिथंच लिहायचं, हाच तुमचा अर्ज. आणखी एक, सीटीआरआयचा नंबर मिळाला म्हणजे सरकारनं उपचार पास केला असं अजिबात नाही, नोंद झाली एवढाच त्याचा अर्थ.

कोण बसतं ते प्रत्येक ट्रायलच्या पानावर वेगळं लिहिलेलं असतं. साधारण बघितलं तर वय अठराच्या पुढं, एमआरआयमध्ये फाटलेलं स्पष्ट दिसलेलं, आणि इजा फार जुनी नको. गरोदर बाई, कॅन्सर झालेला माणूस, अंगात इन्फेक्शन, एचआयव्ही किंवा कावीळ बी-सी पॉझिटिव्ह, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, यांना सहसा घेत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका, बोनमॅरो काढताना त्याचा त्रास तुम्हालाच होणार. अठराच्या आतल्या पोरासाठी आईबापाची संमती लागते आणि कळत्या पोराला स्वतःलाही विचारतात.

कागद म्हणाल तर आधार, जन्मतारखेचा पुरावा, एमआरआयचा रिपोर्ट आणि त्याची सीडी किंवा फिल्म (नुसता रिपोर्ट नेऊ नका, डॉक्टरांना चित्र स्वतः बघायचं असतं), एक्सरे, आधीच्या केसपेपरची झेरॉक्स, चालू गोळ्यांची चिठ्ठी. आधी त्या गुडघ्यावर काही केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड. रक्ताच्या तपासण्या ते परत करतात.

सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र ते तुम्हाला देतात, संमतीपत्र. त्यात नाव, वय, पत्ता, शिक्षण, धंदा, वर्षाचं उत्पन्न आणि वारसदाराचं नाव आणि नातं असा रकाना असतो. वारसदार बघून घरची माणसं घाबरतात, पण तो रकाना तुमच्याच बाजूचा आहे, ट्रायलमुळं जीवाचं बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला द्यायची त्यासाठी. माहितीचा कागद मराठीत मागा, तुम्हाला समजेल अशा भाषेत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवावं लागतं. सहीची एक प्रत तुमची, ती घेतल्याशिवाय निघू नका. मध्येच सोडायचं असेल तर कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि वर भरपाई, हे नियमातच आहे. येण्याजाण्याचा खर्च मिळणार का ते सही करायच्या आधीच विचारा, पुण्या-मुंबईला फॉलोअपला सारखं जावं लागलं तर सांगलीतल्या माणसाला तेच जड जातं.

आता कळकळीचं सांगतो, ट्रायलची वाट बघत सैल गुडघा घेऊन तालमीत उतरू नका. गुडघा सटकत राहिला की आतली गादी, मेनिस्कस फाटते आणि मग पुढं झीज लवकर लागते. मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय इथं आधी हाडांच्या ओपीडीत दाखवा. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं निदान दाखवायचं आणि तुमचं नेमकं ऑपरेशन त्या हॉस्पिटलात योजनेत बसतंय का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा, पोरं ॲडमिट झाल्यावर आईबाप त्यापायी पळत बसतात. चौकशीचा टोल फ्री नंबर 155388. लिगामेंटसाठी स्टेम सेल या योजनेतून मिळेल असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे.

आणि पैसे भरून झाले असतील तर पावती, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, जाहिरातीचा फोटो, इंजेक्शनच्या बाटलीवरचं लेबल जपून ठेवा. डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं जाते, औषधाबद्दलची एफडीएकडं (अन्न व औषध प्रशासन), आणि दोन्हीकडं पहिल्यांदा हेच कागद मागतात.