जुनी हायब्रिड घेताना बॅटरीची भीती किती धरावी?

दहा-बारा वर्षांची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेली गाडी विकायला निघाली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बॅटरीचा असतो, आणि बहुतेक वेळा शेवटचाही तोच असतो. प्रश्न रास्त आहे. मात्र बॅटरी हा या व्यवहारातला सर्वांत आधी दिसणारा, मोजता येणारा आणि किमतीत धरता येणारा धोका आहे. खरा फटका बसतो तो ज्याची कोणी चौकशीच करत नाही अशा ठिकाणी.

हे तपासायला टोयोटा प्रिउससारखे दुसरे उदाहरण नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेली ही गाडी पुढे जगभर लाखोंनी खपली, आणि जपानमध्ये जुन्या झालेल्या प्रिउस मंगोलियाच्या उलानबातरपासून श्रीलंकेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या मालकांकडे गेल्या. त्यामुळे ती कशी म्हातारी होते, याचा अनुभव जगभरच्या गॅरेजांत साठलेला आहे. अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुले स्वस्तातली गाडी शोधताना हमखास तिच्यापाशी थांबतात. भारतात प्रिउस मोजक्याच विकल्या गेल्या. पण २०१३ पासून कर्नाटकातल्या बिडदीत जोडली जाऊ लागलेली कॅमरी हायब्रिड त्याच घराण्यातली असून आज आपल्याकडच्या जुन्या बाजारात 'हायब्रिड सेडान' म्हणून दाखवली जाते ती बहुधा तीच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रिउसमधली बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे. प्रत्येकी ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल (सहा-सहा सेलचे गठ्ठे) एकापुढे एक जोडून २०१.६ व्होल्ट मिळवलेले असतात; कॅमरीत असे ३४ मॉड्यूल आणि २४४.८ व्होल्ट असतात. हे आकडे मोठे वाटले तरी प्रिउसच्या बॅटरीत साठणारी ऊर्जा जेमतेम १.३ युनिट, म्हणजे हजार वॉटचा गिझर तास-सव्वा तास चालेल एवढीच. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा घटकाभर सांभाळायची आणि गाडी उचलताना परत द्यायची, एवढेच तिचे काम, आणि तेही तिला पूर्ण भरू न देता व पूर्ण रिती होऊ न देता. गाडीचा संगणक चार्ज साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखतो. दोन्ही टोके टाळल्यामुळेच ही बॅटरी फोनच्या बॅटरीसारखी दोन-तीन वर्षांत मान टाकत नाही.

अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने २०११ मध्ये सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटर धावलेली २००२ ची प्रिउस तपासली. दहा वर्षांपूर्वी त्याच संस्थेने तपासलेल्या, तेव्हा जवळपास नव्या असलेल्या प्रिउसच्या तुलनेत तिचे ॲव्हरेज गॅलनमागे अवघे ०.२ मैलाने कमी भरले. विक्रेते हा दाखला आनंदाने देतात. तो खोटा नाही, पण एवढे अंतर धावूनही रस्त्यावर टिकलेली गाडीच तपासायला मिळते, वाटेत बंद पडलेल्या गाड्या त्या हिशेबात येत नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवे.

या बॅटरीचे आयुष्य किलोमीटरपेक्षा वय आणि उष्णता यांवर जास्त अवलंबून असते. आतल्या ऋण ध्रुवावरचा हायड्रोजन शोषणारा मिश्रधातू हळूहळू गंजतो, त्यात विद्युतद्रावणातले पाणी खर्च होते, दोन ध्रुवांमधला पडदा कोरडा पडत जातो आणि अंतर्गत रोध वाढतो. गाडी उभी असली तरी हे चालूच राहते, आणि रसायनशास्त्रातल्या ढोबळ नियमानुसार तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात चाललेल्या हायब्रिडकडे जाणकार जरा संशयाने पाहतात ते यामुळेच, आणि नागपूर-चंद्रपूरकडे वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला तोच न्याय लावावा. 'मॅडम, गाडी फारशी चालवलेलीच नाही' ही तारीफ इथे उलटी पडते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीतला चार्ज आपोआप गळतो, तोही प्रत्येक सेलमधून सारखा नाही, आणि ती तफावत पुढे वाढत जाते. रोज चालणारी टॅक्सी या बाबतीत पुष्कळदा बरी निघते.

उष्णतेचे आणखी एक, अगदी घरगुती कारण असते. प्रिउसची बॅटरी गाडीतल्याच थंड हवेवर थंड होते, आणि ती हवा मागच्या सीटच्या उजव्या बाजूच्या जाळीतून एक छोटा पंखा ओढून घेतो. त्या जाळीवर बॅग टेकवलेली असेल किंवा पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि कुत्र्याचे केस यांची गादी साचलेली असेल, तर मधले मॉड्यूल तापतात आणि बहुधा तेच आधी जातात. विकत घेण्यापूर्वी ही जाळी काढून आत टॉर्च मारावा. तिथे दिसलेली धूळ आधीच्या मालकाविषयी सर्व्हिस बुकापेक्षा जास्त सांगते, असे माझे मत आहे.

सगळे सेल एकाच साखळीत असल्यामुळे एकही सेल निकामी झाला तर सगळी बॅटरी त्याच्या तालावर चालते. प्रिउसचा संगणक या २८ मॉड्यूलांवर दोन-दोनच्या १४ जोड्यांनी लक्ष ठेवतो. एका सेलचा व्होल्टेज साधारण १.२ असतो, तेव्हा एक सेल मेला की त्याची जोडी बाकीच्यांपेक्षा जवळपास तेवढीच खाली दिसते, आणि संगणक 'पी०ए८०' हा कोड नोंदवून बॅटरी बदलायला सांगतो. स्वस्त इलाज म्हणून अनेक गॅरेजवाले तेवढाच मॉड्यूल काढून दुसऱ्या एखाद्या भंगार गाडीतला बसवतात. म्हाताऱ्या बैलांच्या औतात एक तरणा खोंड जुंपावा तसा हा प्रकार आहे: काही महिने ओढले जाते, मग शेजारचा दुसरा कोणीतरी बसतो. म्हणून 'बॅटरी नुकतीच बदलली आहे' हे वाक्य ऐकून हायसे वाटून घेऊ नये. कंपनीची कोरी बॅटरी, जुनी उघडून दुरुस्त केलेली बॅटरी आणि एक मॉड्यूल बदललेली बॅटरी, या तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक बिलावरूनच कळतो. बिल नसेल तर तिसरीच शक्यता धरून भाव करावा. माझ्या मते अशी थातुरमातुर दुरुस्त केलेली बॅटरी कमजोर पण मूळच्या बॅटरीहून जास्त धोक्याची असते, कारण कमजोर बॅटरी निदान स्वतःचे हाल लपवत नाही.

ते हाल तपासणे अवघड नाही. गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या ओबीडी सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचे हायब्रिडसाठीचे ॲप एवढ्यावर चौदाही जोड्यांचे व्होल्टेज समोर दिसतात. गाडी उभी असताना ते सगळे सारखेच दिसतील. फरक उघडा पडतो तो जोर लागल्यावर. चढावर दाबून चालवावी, मग उतारावर ब्रेक धरत आणावी, आणि या काळात एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा खूप खाली किंवा खूप वर जाते का ते पाहावे. स्कॅनर नसला तर डॅशबोर्डवरचा चार्जचा आलेख पाहावा. तो उतारावर झटकन भरून पुढच्या दोन-तीन मिनिटांत तळाला जात असेल आणि मागचा पंखा घोंघावत असेल, तर बॅटरीची साठवण आटली आहे. मात्र चित्रविचित्र इशारे एकदम झळकू लागले म्हणून लगेच घाबरू नये: प्रिउसमध्ये डिकीत एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि ती अशक्त झाली की गाडी 'रेडी' होत नाही. तिचा खर्च मोठ्या बॅटरीच्या पासंगालाही पुरत नाही.

आता बॅटरीच्या मागे दडणाऱ्या गोष्टीकडे वळू. २०१० ते २०१५ च्या प्रिउसमध्ये १.८ लिटरचे इंजिन आहे, आणि त्यात धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर यंत्रणा आहे. वर्षांमागून वर्षे गेली की या यंत्रणेचा कूलर आणि पुढच्या बारीक वाटा काजळीने चोंदतात. या गाड्या रोज उघडणाऱ्या मेकॅनिकांचे निदान असे की, त्यामुळे ज्वलनाचे तापमान वाढते आणि हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलवर) ताण येऊन ते फुटते. मग रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचे थेंब सिलिंडरात झिरपतात. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना गाडी काही सेकंद खडखडते, हादरते, आणि लगेच शांत होते. एवढीच खूण! इंजिन गरम झाले की ती नाहीशी होते. म्हणून गाडी पाहायला जाताना ती थंड ठेवायला सांगावे, आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी बोनेटवर हात ठेवावा. बोनेट कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. कूलंटची पातळी आणि इंजिन ऑइल किती खाते हेही विचारावे, कारण त्या वर्षांच्या काही इंजिनांत ऑइल खाण्याची तक्रार आहे. हेड गॅस्केटचे काम आणि त्यासोबत येणारा इंजिनाचा बिघाड बॅटरीच्या खर्चाची सहज बरोबरी करतो, आणि त्याची चाहूल स्कॅनर देईलच असे नाही.

बॅटरीची वीज मोटारींना चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरविषयी फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रिउस परत बोलावल्या होत्या. आपल्या हाती येणाऱ्या गाडीचे ते काम झाले की नाही, हे अमेरिकेत चॅसी नंबरवरून सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. ब्रेक न दाबताही पंपाचा आवाज दर काही सेकंदांनी येत असेल, तर ब्रेकचा महागडा हायड्रॉलिक भाग थकला आहे. याउलट गिअरबॉक्सची चिंता फारशी करू नये. या गाडीत क्लच नाही, स्टार्टर मोटार नाही, अल्टरनेटर नाही. दोन मोटारी आणि इंजिन यांना जोडणारा एक ग्रहचक्री गिअरसंच आहे, आणि तो क्वचितच तक्रार करतो.

हे सगळे टोयोटाच्या पद्धतीला लागू आहे, प्रत्येक हायब्रिडला नाही. होंडाने २००८ मध्ये भारतात आणलेल्या सिव्हिक हायब्रिडची रचना वेगळी होती, आणि त्या पिढीच्या बॅटऱ्या अमेरिकेत लवकर मान टाकू लागल्याने तिथे वाद कोर्टापर्यंत गेले. आपल्याकडे ती आज मिळाली तर सुटे भाग मिळतील या भरवशावर घेऊ नये. मारुतीच्या सियाझ किंवा अर्टिगावरची 'एसएचव्हीएस' ही अक्षरे वाचून हायब्रिडचा भाव देणाराही भेटतो. त्या गाड्यांत मोटार इंजिनाला फक्त थोडा हात देते, एकटीने गाडी ओढत नाही.

उरतो पैशांचा हिशेब. समजा, जुनी कॅमरी हायब्रिड लिटरला १६ किलोमीटर देते आणि तेवढीच मोठी पेट्रोल गाडी १० देते. वर्षाला १०,००० किलोमीटर रनिंग असेल तर ३७५ लिटर पेट्रोल वाचते, म्हणजे १०५ रुपये दराने साधारण ३९,००० रुपये. नव्या बॅटरीला तीन लाख लागतील असे धरले, तर ते भरून निघायला साडेसात वर्षे जातात, आणि तोवर गाडी पंधरा वर्षांच्या पुढे जाऊन नोंदणीचे नूतनीकरण व पर्यावरण कर यांच्या दारात उभी असते. रनिंग २५,००० असेल तर तोच खर्च तीन वर्षांत वसूल होतो. तेव्हा रविवारी देवदर्शनाला आणि लग्नकार्याला गाडी काढणाऱ्याने जुनी हायब्रिड घेऊ नये. त्याची पेट्रोलबचत थोडी, आणि उभ्या गाडीतली बॅटरी तर आणखी लवकर झिजणार. रोज पुणे-चाकण किंवा ठाणे-पनवेल करणाऱ्याने, थंड इंजिन आणि बॅटरीतल्या सगळ्या जोड्यांचे व्होल्टेज पाहून, नव्या बॅटरीची निम्मी किंमत विक्रेत्याच्या भावातून आधीच वजा करून बोलणी सुरू करावीत.