कोरिंथ: ग्रीकांच्याही आधीचे नाव

ग्रीक गावांची नावे ग्रीकच असणार, असे आपण धरून चालतो. कोरिंथ हे नाव तसे नाही.

खुद्द कोरिंथकर सांगत, की आमचे गाव झ्यूसपुत्र कोरिंथोसच्या नावाचे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसॅनियस लिहितो, की बहुतेक कोरिंथकर सोडले तर हे कुणी गांभीर्याने म्हटल्याचे मला ठाऊक नाही. गावाच्या नावावरून राजा घडवण्याची खोड जगभर आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावरून परदेशी गावांचे मूळ संस्कृतात शोधणारे दावेही त्याच जातीचे, आणि तितकेच बिनबुडाचे.

खरा धागा शेवटच्या ‘न्थोस’मध्ये आहे. झाकिन्थोस, ओलिन्थोस ही ठिकाणे. लॅबिरिन्थोस म्हणजे भूलभुलैया, असामिन्थोस म्हणजे आंघोळीचा टब. ग्रीक भाषेच्या नियमांनी या प्रत्ययाची उकल होत नाही. भाषाशास्त्रज्ञ पॉल क्रेचमर यांनी १८९६ मध्ये त्याचे नाते आजच्या तुर्कस्तानातल्या ओइनोआंडासारख्या ‘न्ड’वाल्या गावांशी जोडले. नवे लोक येतात, राज्य आणि भाषा बदलतात, पण या गावाला काय म्हणायचे हे जुन्या रहिवाशांनाच विचारावे लागते. म्हणून नाव टिकते. १९२८ मध्ये जे. बी. हेली यांनी अशी नावे नकाशावर मांडली. पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांनी त्यांच्याशी ग्रीकांच्या आधीच्या, कांस्ययुगाच्या सुरुवातीच्या वस्त्या ताडून पाहिल्या, आणि मेळ बसला.

याच ब्लेगेनना १९३९ मध्ये नैऋत्य ग्रीसमधल्या पायलोसला लिहिलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या. इ.स.पू. १२०० च्या सुमारास तिथला राजवाडा जळाला, त्या आगीत भाजून निघाल्या म्हणून त्या टिकल्या. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये त्यांवरची ‘लिनिअर बी’ ही प्राचीन ग्रीक लिहिण्याची लिपी उलगडली आणि पाट्यांवर ‘को-रि-तो’ वाचता आले. या लिपीत बहुतेक चिन्हे म्हणजे व्यंजन अधिक स्वर. त्यामुळे दुसऱ्या व्यंजनाआधीचा ‘न्’ गळतो, शब्दाअखेरचा ‘स्’ गळतो, आणि ‘त’ व ‘थ’ला चिन्ह एकच. गळालेले परत भरा: को-रि-न्थो-स्!

हा कोरिंथ मात्र संयोगभूमीवरचा, म्हणजे दोन भूभाग जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवरचा, प्रसिद्ध कोरिंथ नव्हे, पायलोसच्या राज्यातले दुसरेच गाव. एकच नाव दोन गावांना, म्हणजे मूळ भाषेत ते ‘टेकडी’ किंवा ‘वस्ती’सारखे एखादे साधे सामान्यनाम असावे, असे मला वाटते.