नग्नता, नियम आणि कार्ड कंपन्या

सोशल मीडियावर काय ठेवायचं आणि काय काढायचं, हा वाद फेसबुकपेक्षा जुना आहे. 1995 साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने प्रॉडिजी या ऑनलाइन सेवेला वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुरासाठी जबाबदार धरलं. कारण काय, तर कंपनी मजकुरावर देखरेख ठेवत होती! केर काढणाऱ्यावरच बालंट. त्यावर उतारा म्हणून 1996च्या अमेरिकी कायद्यात कलम 230 आलं : वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार धरायचं नाही, तिने देखरेख ठेवली तरीही. त्याच कायद्यातली असभ्य मजकुरावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केली. कलम मात्र टिकलं आणि निवाडा कंपन्यांच्या हाती गेला.

कंपन्यांनी सोपा मार्ग धरला : सरसकट नियम. स्तनपानाचे फोटो काढले म्हणून 2008 मध्ये आयांनी फेसबुकचा निषेध केला. 2016 मध्ये तर व्हिएतनाम युद्धातला 1972चा जगप्रसिद्ध फोटो उडवला गेला. नापाम हल्ल्यातून विवस्त्र धावणारी मुलगी त्यात दिसते. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी तो टाकला, तर त्यांचीही पोस्ट गेली. बोभाटा झाल्यावर फोटो परत आला. पण लहान मुलांची नग्नता नको, हा नियम चूक होता का? मुळीच नाही. त्याला संदर्भ कळत नव्हता, एवढंच.

यंत्रालाही तो कळत नाही. बाल लैंगिक शोषणाची आधीच नोंद झालेली चित्रं ओळखायला 2009 पासून फोटोडीएनए हे सॉफ्टवेअर आहे. पण ते जुळवणी करतं, नव्या चित्राचा निवाडा नाही. डिसेंबर 2018 मध्ये टंबलर या ब्लॉगिंग साइटने प्रौढ मजकूर बंद केला, तेव्हा तिच्या सॉफ्टवेअरने निरुपद्रवी चित्रांवरही ‘प्रौढ’ असा शिक्का मारला. त्याच्या महिनाभर आधी ॲपलने टंबलरचं ॲप आपल्या ॲप स्टोअरमधून काढलं होतं, हे विसरू नये.

माझ्या मते खरा लगाम अशा मधल्या कंपन्यांच्या हाती आहे : ॲप स्टोअर, कार्ड कंपन्या, बँका. डिसेंबर 2020 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने आपल्या कार्डांवरचे व्यवहार थांबवताच पॉर्नहब या अश्लील व्हिडिओंच्या साइटने ओळख न पटवलेल्या खात्यांचे लाखो व्हिडिओ हटवले. ऑगस्ट 2021 मध्ये ओन्लीफॅन्स या पैसे भरून मजकूर पाहायच्या साइटने बँकांकडे बोट दाखवत उघड लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली आणि आठवड्याभरात मागेही घेतली.

आता सरकारं पुन्हा पुढे सरसावली आहेत. ब्रिटनमध्ये 25 जुलै 2025 पासून अश्लील मजकूर दाखवण्याआधी वय पडताळावं लागतं, कुठे चेहरा दाखवून, कुठे ओळखपत्र देऊन. त्यानंतर लगेचच तिथे व्हीपीएन ॲपच्या, म्हणजे आपण कुठल्या देशातून इंटरनेट वापरतो ते लपवणाऱ्या ॲपच्या, डाउनलोडनी उसळी घेतली.