गावातल्या चर्चचा विमा: अर्ज कोणी करायचा, कोणती पॉलिसी घ्यायची, कोणते कागद लागतात

चर्चच्या विम्याचा दावा अडला, की कारण बहुधा तीनपैकी एक असते. पॉलिसी चुकीच्या नावावर असते, इमारतीची किंमत कमी लावलेली असते, नाहीतर इमारतीचा वापर अर्जात वेगळाच लिहिलेला असतो. हप्ता किती बसेल हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो. विदर्भातल्या गावात धोके कमी नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट, मे-जूनमध्ये टिना उडवणारे वादळ, पहिल्या पावसाबरोबर पडणारी वीज, आणि वर्धा, वैनगंगा, पूर्णेच्या काठी पूर. मंडळीने (म्हणजे चर्चच्या सभासदांनी) वर्षानुवर्षांच्या अर्पणातून उभी केलेली इमारत एका रात्रीत उघडी पडू शकते, म्हणून कागद शांतपणे, वेळ काढून नीट करावेत.

अर्ज कोणाच्या नावाने

मालमत्तेचे नुकसान झाल्यावर ज्याला आर्थिक झळ बसणार, विमा त्यानेच घ्यायचा असतो. चर्चच्या बाबतीत हा मालक म्हणजे बहुतेक ठिकाणी नोंदणीकृत ट्रस्ट किंवा धर्मप्रांताची संस्था. गावातली पंच कमिटी ही वापरणारी असते, पाळकसाहेब किंवा फादर हे सेवक. पाळकांच्या वैयक्तिक नावावर पॉलिसी कधीही काढू नका. त्यांची बदली होते, इमारतीवर त्यांचा हक्क नसतो, आणि दाव्याच्या वेळी कंपनी नेमके तेवढेच विचारते.

जुन्या मिशनच्या मालमत्तेत आणखी एक गुंता असतो. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि वेगवेगळ्या मिशनच्या मंडळ्या एकत्र आल्या, पण सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदीवर) काही ठिकाणी अजून जुन्या मिशनचेच नाव आहे. अशा वेळी मालकी असलेल्या ट्रस्टकडून दोन ओळींचे पत्र घ्या: ही इमारत आमच्या ताब्यात आहे, अमुक गावची मंडळी तिचा वापर करते, विमा काढण्यास व हप्ता भरण्यास मंडळीला अधिकार दिला आहे. पॉलिसीवर विमाधारक म्हणून ट्रस्टचे नाव आणि पत्त्यात गावच्या मंडळीचे नाव, असे दोन्ही यायला हवे.

मंडळी स्वतःच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर परिशिष्ट-१ चा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा) ताजा उतारा काढून विश्वस्तांची नावे तपासा. मयत किंवा राजीनामा दिलेल्या विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली असतील, तर केवायसी तिथेच अडते. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला असेल तर आधी धर्मादाय कार्यालयाचे काम हातावेगळे करा, कारण दाव्याची रक्कम ट्रस्टच्याच खात्यात येणार आणि तिथेही याच सह्या लागणार.

उपासना एखाद्या सभासदाच्या घरात होत असेल, तर घर घरमालकाने विम्यात घ्यायचे आणि तिथे नियमित उपासना होते हे अर्जात लिहायचे. बाके, साउंड, वाद्ये मंडळीची असतील तर त्यांचा विमा मंडळीच्या संस्थेने वेगळा घ्यावा. इमारत ई-क्लास (सरकारी गायरान) किंवा वनजमिनीवर असेल तर ते लपवू नका. कंपनी नाही म्हणाली तरी चालेल. खोटे लिहून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी उपयोगाची नसते.

कोणती पॉलिसी

आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने) १ एप्रिल २०२१ पासून आग व नैसर्गिक आपत्तीसाठी तीन ठराविक पॉलिसी आणल्या आहेत. एका ठिकाणच्या इमारत व सामानाची एकूण किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ५ ते ५० कोटींमध्ये असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. नावात ‘उद्यम’ आहे म्हणून गोंधळू नका. गावातले चर्च साधारण पहिल्या प्रकारातच बसते. वापराच्या रकान्यात मात्र ‘कार्यालय’ किंवा ‘दुकान’ न लिहिता ‘प्रार्थनास्थळ’ हेच लिहून घ्या. पाळकांचा बंगला राहण्याचा असेल तर त्याला वेगळी भारत गृह रक्षा घेणे फायद्याचे: ती १० वर्षांपर्यंत घेता येते आणि घराची रक्कम कमी लावली म्हणून तिच्यात दावा कापला जात नाही.

या पॉलिसीत आग, वीज पडणे, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल व मुद्दाम केलेली तोडफोड, झाड किंवा वाहन आदळणे हे धोके येतात. गारपीट हा शब्द मात्र यादीत स्वतंत्र नसतो. वादळासोबत गारा पडल्या आणि टिनपत्रे फुटले, तर ते वादळात धरणार का, हे घेण्याआधी शाखेकडून लेखी किंवा ईमेलवर विचारून ठेवा.

चोरी मूळ पॉलिसीत जवळपास नसतेच. आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. साउंड, कीबोर्ड, इन्व्हर्टर, बॅटऱ्या यांच्यासाठी घरफोडी विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यात कुलूप, खिडकी किंवा दार फोडल्याची खूण लागते. दार उघडे राहिले आणि माइक गेला, तर काही मिळत नाही. रविवारचे अर्पण सोमवारपर्यंत चर्चमध्ये राहत असेल तर रोख रकमेचा विमा घ्या, पण रक्कम तिजोरीत हवी. भिंतीला ठोकलेली दानपेटी म्हणजे तिजोरी नव्हे.

नाताळच्या जागरणाला किंवा कापणीच्या सणाला गर्दी होते. भिंत पडून कोणी जखमी झाले तर इमारतीचा विमा त्या माणसाला एक पैसाही देत नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा लागतो, आणि बाहेर मंडप घालून प्रीतिभोजन होत असेल तर तो मंडप व अन्नातून होणारी विषबाधा त्यात धरली आहे का, हेही विचारा. (१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. एजंट त्या नावाची पॉलिसी पुढे करत असेल तर ती घेऊ नका.) चौकीदार, सफाई करणारी बाई, घंटा व छत दुरुस्त करणारा मिस्त्री यांच्यासाठी कर्मचारी भरपाई विमा वेगळा येतो.

रक्कम कशी ठरवायची

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे घाई करू नका. रक्कम ठरवताना जमिनीची किंमत सोडा, बाजारभाव सोडा. प्रश्न एवढाच: आज ही इमारत पूर्ण कोसळली तर तशीच पुन्हा उभारायला किती लागेल?

चर्चला घराचा चौरस फुटाचा दर लावू नका. घराची भिंत १० फूट, चर्चची १८-२० फूट. वर सागवानी कैच्या (छत पेलणारे लाकडी सांगाडे), कमानीच्या खिडक्या, घंटाघर. दगडी भिंतीची जुनी इमारत असेल तर आजच्या मजुरीत घडीव दगडाचे काम फार महाग पडते. सार्वजनिक बांधकाम विभागाची चालू दरसूची पाहून भिंत, छत, फरशी, दारे-खिडक्या, वीजकाम असे तुकडे करून अंदाजपत्रक देणारा स्थापत्य अभियंता तालुक्याला सापडतो. त्याची सही-शिक्क्याची प्रत दाव्याच्या वेळी सर्वेअरसमोर (नुकसान मोजायला येणाऱ्या माणसासमोर) ठेवता येते.

कमी रक्कम लावली तर काय होते ते पाहा. इमारत उभारायला ४० लाख लागतात, पॉलिसी २० लाखांची आहे. वादळात ८ लाखांचे नुकसान झाले. वाटते, ८ लाख तर २० लाखांच्या आतच आहेत, पूर्ण मिळतील. मिळतात निम्मे, म्हणजे ४ लाख, कारण विमाही निम्म्याचाच होता. सूक्ष्म व लघु पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते. म्हणून ४० लाखांच्या इमारतीला ३४ लाखांच्या खाली जाऊ नये, आणि सिमेंट-सळईचे भाव बदलतात म्हणून दर नूतनीकरणाला आकडा नव्याने पाहावा.

सामानाची यादी वेगळी करा: बाके, पुलपिट, कपाटे, पंखे, साउंड, हार्मोनियम, तबला, सोलर पॅनल, घंटा. मेक, मॉडेल, घेतल्याचे साल आणि बिल. वापरात असलेल्या वस्तू देणगीत आल्या असतील तर देणगी पावती किंवा कमिटीच्या ठरावाची नोंद चालते. छतावरचे सोलर पॅनल इमारतीत धरले की सामानात, हे पॉलिसीवर लिहून घ्या.

कागदपत्रे

ट्रस्टचे नोंदणी प्रमाणपत्र व परिशिष्ट-१ चा उतारा, ट्रस्टचे पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला चेक, सही करणाऱ्यांची ओळखपत्रे आणि कमिटीचा ठराव. १ जानेवारी २०२३ पासून सर्व विमा पॉलिसींना केवायसी सक्तीची आहे, म्हणून यात सूट मिळत नाही. मालमत्तेसाठी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीचा नमुना ८ व घरपट्टी पावती. मालकी दुसऱ्या संस्थेची असेल तर वर सांगितलेले पत्र. शिवाय अभियंत्याचे अंदाजपत्रक, सामानाची यादी, आणि चारही बाजूंचे, छताचे, मीटर बोर्डाचे तारखेसह फोटो.

ठरावात तीन गोष्टी हव्यात: कोणती पॉलिसी, किती रकमेची, सही कोण करणार. ‘विमा काढण्याचे ठरले’ एवढीच ओळ पुरेशी नाही.

प्रस्ताव अर्ज भरताना

अर्ज एजंटला भरू द्या, पण सही करण्याआधी प्रत्येक रकाना वाचा. पत्त्यात गट क्रमांक किंवा घर क्रमांक हवा. नुसते ‘चर्च, मुक्काम अमुक’ पुरत नाही. बांधकामाच्या रकान्यात भिंत आणि छत दोन्ही खरे लिहा. बांबू, गवत, ताडपत्री यांचे छत किंवा भिंत असेल तर ते बांधकाम कच्चे धरले जाते. कवेलू, टिन, स्लॅब हे स्पष्ट लिहा. मागे बालवाडी भरते, हॉल लग्नाला देतो, जनरेटरसाठी डिझेल ठेवतो, हे सगळे सांगायचे.

वेचणीच्या हंगामात एखादा सभासद चर्चच्या मागच्या खोलीत कापूस ठेवतो. गावात यात कुणाला काही गैर वाटत नाही, आणि नाही म्हणणेही जड जाते. पण कापूस ठेवला की त्या जागेचा धोका बदलतो, आणि आग लागली तर कंपनीला दावा नाकारायला ते एकच कारण पुरे होते. कमिटीने हे हंगामाआधीच स्पष्ट सांगावे.

महिन्यातून एकदाच उपासना होणाऱ्या मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या छोट्या चर्चसाठी आणखी एक अट पाहा. इमारत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर संरक्षण थांबते, अशी अट बऱ्याच पॉलिसीत असते. कंपनीला कळवून संमती घ्या, आणि मधल्या काळात कोण उघडून पाहते याची वही ठेवा.

हप्ता ट्रस्टच्या खात्यातून, कंपनीच्या नावाने. मालमत्ता विम्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे १९३८ च्या विमा कायद्यातच आहे. चेक परतला तर पॉलिसी नाहीच असे समजा. पॉलिसी आली की नाव, पत्ता, वापर, रक्कम आणि जोडलेली कव्हर्स अर्जाशी ताडून बघा. चूक दिसली तर दुरुस्तीपत्र तेव्हाच मागा.

काय मिळत नाही

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि भिंतीला तिरप्या चिरा जातात. इमारत बसल्याने गेलेली चीर, वाळवीने पोखरलेल्या कैच्या, वानरांच्या उड्यांनी सरकलेल्या कवेलूंतून झिरपलेले पाणी, या गोष्टी देखभालीत जातात. म्हणून मे महिन्यातच कवेलू फेरून घ्या आणि मिस्त्रीची पावती ठेवा. ती असेल तर जुलैतल्या वादळाचे नुकसान जुन्या गळतीच्या खात्यात ढकलता येत नाही. शॉर्टसर्किटने जळालेले यंत्र स्वतः भरपाईत येत नाही. त्यातून पसरलेल्या आगीने झालेले बाकीचे नुकसान येते.

नुकसान झाल्यावर

आधी माणसे बाहेर, वीज बंद. मग त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल, आणि तलाठ्याला पंचनाम्यासाठी कळवणे. चोरी, आग किंवा तोडफोड असेल तर पोलिसात तक्रार. गावात अग्निशमन दल आलेच नाही तर तलाठी व ग्रामपंचायतीचा पंचनामा आणि पोलीस ठाण्याची नोंद यावर काम चालते. वादळाच्या दाव्याला नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राची किंवा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद उपयोगी पडते.

सर्वेअर येईपर्यंत ढिगारा हलवू नका. सामान भिजत असेल तर ताडपत्री टाका, पण आधी फोटो काढा. उडालेले टिनपत्रे गावकरी उचलून नेतात. ते गोळा करून मोजा, कारण पत्र्यांचा हिशेब तिथेच ठरतो.

नव्या बांधकामाच्या किमतीवर विमा असला तरी बहुधा प्रत्यक्ष बांधकाम होईपर्यंत घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) वजा केलेलीच रक्कम हातात येते, आणि उरलेली बिले दिल्यावर. काम साधारण १२ महिन्यांत पूर्ण करायचे असते. म्हणून सुरुवातीचा पैसा ट्रस्ट कुठून उभा करणार, हे कमिटीने आधीच ठरवलेले बरे. दावा कमी मंजूर झाला तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा, आणि तिथे समाधान झाले नाही तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ठरावाच्या फाइलला लावा.