'/यूजर' आणि '/यूजर्स': गिटहबच्या एपीआयमधला एका अक्षराचा घोळ

कोड साठवण्याच्या गिटहब या साइटवरच्या आपल्या खात्याची माहिती तिच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या पत्त्यांकडून) पायथनच्या पाच-सात ओळींत आणता येते. तरी 'माझे प्रायव्हेट रेपो (कोडचे खासगी संग्रह) दिसतच नाहीत' ही तक्रार नवशिक्यांकडून वारंवार ऐकू येते. टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी द्यायची ओळखीची किल्ली, बरोबर असतं, कोडही अडत नाही. चुकलेला असतो तो पत्ता. '/यूजर' आणि '/यूजर्स/अमुकतमुक' हे दोन वेगळे पत्ते आहेत, आणि रोमन लिपीत त्यांच्यात शेवटच्या एका अक्षराचा फरक दिसतो.

'/यूजर्स/ऑक्टोकॅट' (ऑक्टोकॅट हे गिटहबचं नमुना खातं) म्हणजे 'हा कोण?' असं विचारणं. टोकन लागत नाही. फॉलोअर किती, खातं कधी उघडलं, सार्वजनिक रेपो किती, म्हणजे जे जगाला दिसतं तेच मिळतं. '/यूजर' म्हणजे 'मी कोण?' इथे पत्त्यात नाव नसतंच, तुम्ही कोण हे टोकनवरूनच कळतं. म्हणून टोकनशिवाय थेट 401, म्हणजे 'ओळख पटली नाही' असा नकार.

खरी मेख पुढे आहे. '/यूजर्स/तुमचं-नाव/रेपोज' या पत्त्याला तुमचंच टोकन जोडलं, तरी यादी सार्वजनिक रेपोंचीच येते. त्या पत्त्याचं कामच तेवढं. एरर नाही, उत्तर 200 (म्हणजे 'सगळं ठीक'), आणि यादी अर्धवट! 401 निदान अडवतो तरी. ही चूक गुपचूप पुढे जाते, म्हणून मला ती जास्त घातक वाटते.

प्रायव्हेट रेपो हवे असतील तर '/यूजर/रेपोज' वापरा. क्लासिक (जुन्या प्रकारचं) टोकन असेल तर त्याला 'रेपो' स्कोप, म्हणजे परवानगी, हवा. मात्र इथे तुम्ही सहयोगी असलेले आणि संस्थांमधले रेपोही येतात. फक्त स्वतःचे हवेत तर विनंतीतल्या 'ॲफिलिएशन' या पर्यायाला 'ओनर' द्या. आणि दोन्हीकडे एका पानावर 30च नोंदी येतात, मागितल्या तर 100 पर्यंत. बाकीच्यांसाठी पुढची पानं मागवावी लागतात.

सार्वजनिक माहितीसाठीही टोकन जोडावं, असं माझं मत आहे. टोकनशिवाय तासाला 60 विनंत्या, त्याही आयपी पत्त्यावर मोजल्या जातात. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे एकाच कनेक्शनवर असले, तर ते 60 सगळ्यांत मिळून. पर्सनल टोकनवर 5000 मिळतात. जुन्या ट्युटोरियलमधली पासवर्डची पद्धत 13 नोव्हेंबर 2020 पासून बंद आहे. टोकन कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा.

शंका आली तर आधी '/यूजर' मागवून त्यातलं 'लॉगिन' (खात्याचं नाव) प्रिंट करा. टोकन कोणाचं आहे ते लगेच कळेल.