खाडीचा की तळ्यातला? जिताड्याच्या जोडीदारांचं रसायन

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात सकाळी गेलं आणि नशीब जोरावर असलं, तर पाटीवर जिताडा मासा दिसतो. भाव विचारायच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो. "मावशी, खाडीचा का तळ्यातला?" मावशी दुखावल्यासारखं बघते. "खारीचा हाय दादा, तल्यातला नाय!" उत्तर खरं असो वा नसो, त्यावरच माझ्या पिशवीत पुढे चिंच पडणार की लिंबू, हे ठरतं.

हॉटेलच्या मेनूवर 'सी बास' लिहिलेलं दिसतं, तेव्हा आपल्याकडे तो बहुतेक हाच असतो. जिताड्याचं शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. ऑस्ट्रेलियात याला बारामुंडी म्हणतात, बंगालमध्ये भेटकी. युरोपातला सी बास वेगळा. महागड्या 'चिलियन सी बास'चा तर बास कुळाशी संबंधच नाही. तो दक्षिण ध्रुवाकडच्या थंड पाण्यातला टूथफिश, आणि हे खपाऊ नाव त्याला 1977 साली एका अमेरिकी मासेव्यापाऱ्याने दिलं. आणि ठाण्या-वाशीच्या हॉटेलांत स्वस्तात मिळणारा बासा म्हणजे गोड्या पाण्यातला पंगस. नावात 'बास' ऐकू येतं म्हणून फसू नये.

जिताड्याचं आयुष्यही मजेशीर. जन्म खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं भरतीबरोबर खाजणात, ओढ्यांत, गोड्या पाण्यात शिरतात आणि मोठी झाल्यावर वीण घालायला परत खाली उतरतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी, चांगले वजनदार झाले की, मादी होतात. म्हणजे पाटीवरचा तो सात-आठ किलोचा दांडगा 'जिताडा' बहुधा बाईमाणूसच. खारं, मचूळ, गोडं असं कुठलंही पाणी चालत असल्यामुळे पेण-अलिबागच्या खारेपाटात लोक तो तळ्यातही सोडतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये त्याची बीजनिर्मिती साधली, तेव्हापासून त्याची शेती आणखी सोपी झाली. जुन्या काळी साहेबाकडचं अडलेलं काम एका जिताड्यात व्हायचं, असं रायगडातले म्हातारे सांगतात. त्यातलं रसायन वेगळं, ते इथे नको.

आपल्या कामाचं रसायन वासाचं आहे. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या स्नायूंत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा बिनवासाचा रेणू असतो. गोड्या पाण्यातल्या माशांत तो नगण्य. मासा मेला की जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे शेजारच्या फ्लॅटपर्यंत पोचणारा तो हिवसट वास. हा रेणू इतका उडाणटप्पू की शुद्ध असेल तर 3 अंश सेल्सिअसलाच उकळतो. पण तो आम्लारी आहे. त्याला आंबट भेटलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही, पाण्यात विरघळतो. आपल्या घरी तुकड्यांना मीठ, हळद, लिंबू चोळून थोड्या वेळाने पाण्याखाली धरायची रीत आहे ना, तिचं निम्मं कारण हे. लिंबू वासावर पांघरूण घालत नाही, तो वास पकडून ठेवतं. फक्त तासभर तसंच ठेवू नका. आम्लाने वरची प्रथिनं आधीच गोठतात, तुकडी पांढरी पडते आणि तव्यावर चिवट लागते. दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

तळ्यातल्या माशाचं दुखणं निराळं. त्याला मातीचा वास येतो. तळ्यातले नीलहरित शैवाल आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. तो माशाच्या कल्ल्यांतून आत जातो आणि चरबीत साठतो. आपलं नाक जिओस्मिनच्या बाबतीत भलतंच तिखट आहे. पाण्यात एक लाख कोटी भागांत तो मोजके काही भाग असला तरी कळतो. पहिल्या पावसात तापलेल्या जमिनीतून जो सुगंध येतो, ज्यावर आपण इतक्या कविता पाडल्या, त्यातला मोठा वाटा याच जिओस्मिनचा! मृद्गंध अंगणात हवाहवासा, ताटात नको. (बीटाची भाजी नावडणाऱ्यांची तक्रारही याच रेणूबद्दल असते.)

इथेही आंबटच कामाला येतं, पण वेगळ्या वाटेने. आम्लात जिओस्मिनच्या रेणूतून पाणी निघून जातं आणि जवळजवळ बिनवासाचा पदार्थ उरतो. ही क्रिया लिंबाच्या चार थेंबांत होण्यासारखी नाही, आंबटात शिजावं लागतं. म्हणून तळ्यातल्या जिताड्याचं चिंच किंवा कैरी घालून कालवण करावं, तळू नये असं माझं मत. तेवढ्यानेही सगळा वास जात नाहीच. पोटाकडची चरबी आणि कातडी काढली तर बराच जातो. शहाणा मत्स्यशेतकरी विकण्याआधी मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवतो, तो याचसाठी.

खाडीचा ताजा जिताडा हाती लागला तर मात्र मसाल्याचा हात आखडता घ्यावा. हा दबा धरून झडप घालणारा शिकारी. सतत पोहत राहणाऱ्या बांगड्यासारखे लाल स्नायू त्याला फारसे नाहीत. मांस पांढरं, चव सौम्य, पाकळ्या मोठ्या. बांगड्याच्या तेलकट, उग्र चवीपुढे तिरफळ शोभतं. जिताड्यापुढे तेच तिरफळ म्हणजे कुजबुजणाऱ्या माणसाशेजारी ढोल. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं एवढं बास. टोमॅटो घालणाऱ्यांना आमच्याकडे नाकं मुरडतात, पण विज्ञान त्यांच्या बाजूने आहे. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, ताज्या माशात इनोसिनेट. जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेटची 'उमामी', म्हणजे रुचकर मांसल, चव ओळखली, त्यांच्याच देशातल्या कोदामा यांनी 1913 मध्ये सुक्या माशातलं इनोसिनेट दाखवलं. हे दोन एकत्र आले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. पण इनोसिनेट शिळ्या माशात टिकत नाही. त्याचं शेवटी हायपोझँथिन होतं, ते कडवट. शिळ्या जिताड्याला टोमॅटो तारत नाही.

आता पेयाकडे. माशाबरोबर पांढरी वाइन, लाल नको, हा युरोपातला नियम. त्यामागचं एक कारण 2009 मध्ये जपानी वाइन कंपनीच्या संशोधकांनी शोधलं. त्यांनी 38 लाल आणि 26 पांढऱ्या वाइन सुकवलेल्या स्कॅलप नावाच्या शिंपल्याच्या मांसाबरोबर चाखल्या. तोंडात मागाहून येणारा माशाळ वास वाइनमधल्या लोहाशी जुळला. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या वर लोह असलेल्या वाइनने तो जोरात आला. लोह माशातल्या तेलाचं विघटन घडवतं आणि क्षणात वासाचे रेणू मोकळे होतात. लोहाला बांधून ठेवणारा पदार्थ घातला की वास कमी. म्हणजे दोष रंगाचा नाही, लोहाचा. कमी लोहाची लाल वाइनही चालून जाते. नाशिकची शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन लिंबू मारलेल्या तळलेल्या तुकडीबरोबर छान जमते, कारण दोन्हीकडे आंबटपणा सारखा असतो.

याच लोहामुळे मी आंबट कालवण बिडाच्या कढईत करत नाही. आंबट पदार्थ लोखंडातून लोह ओढून घेतात, आणि पुढे ते माशाच्या तेलाशी काय करेल ते वर आलंच. तळायला बिडाचा तवा उत्तम, कालवणाला मातीचं किंवा स्टीलचं भांडं.

आगरी मसाल्याच्या झणझणीत कालवणाबरोबर मात्र कुठलीच दारू मला पटत नाही. जिभेवरचा जो संवेदनाग्राहक (रिसेप्टर) मिरचीतल्या कॅप्सेसिनने चेततो, तो एरवी साधारण 42 अंशांच्या उष्णतेला जागा होतो. अल्कोहोल असलं की तोच साधारण 34 अंशांना जागा होतो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उबेनेही जळजळ. वरून सोड्याचे बुडबुडे असले तर आगीत तेल.

त्याऐवजी सोलकढी. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, आणि नारळाचं दूध जिभेवरून ते धुऊन नेतं. आमसुलातली हायड्रॉक्सीसायट्रिक आणि इतर आम्लं उरलासुरला माशाचा वास क्षारात अडकवतात. लसणाचा गंधकी दरवळ बाकीचं झाकतो. कुणी प्रयोगशाळेत बसून आखलं असतं तरी याहून नेमकं पेय सुचलं नसतं. गुलाबी रंग आमसुलातल्या अँथोसायनिनचा. तो आंबटातच टिकतो, म्हणून कढी जांभळट दिसू लागली की समजावं, आगळ, म्हणजे आमसुलाचा आंबट रस, कमी पडलं.

मागे ठाण्याच्या एका पाहुण्यांनी सोलकढी बघून ग्लास बाजूला सारला. माशावर दूध घेतलं की कोड उठतं म्हणे. कोड ही शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रंगपेशींवर केलेली चाल. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने ते होतं, याला पुरावा नाही. युरोपात लोक दुधात मासा शिजवून खातात. आणि हे तर नारळाचं दूध. एवढं सगळं मी सांगेपर्यंत त्यांच्या सौभाग्यवतींनी तो ग्लास संपवला होता आणि दुसरा मागत होत्या.